तिघींच्या छायाचित्रामागची संस्था
फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा इतिहास

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेले एक छायाचित्र मराठी वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. त्यात तीन तरुणी आहेत. साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि स्वतःच्या देशाच्या पारंपरिक पोशाखातल्या सिरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे वुमन्स मेडिकल कॉलेजमध्ये शिकत होत्या. डीनबाईंनी दिलेल्या स्वागत-समारंभाच्या दिवशी हे छायाचित्र निघाले. आनंदीबाईंवरच्या बहुतेक लेखांबरोबर ते छापले जाते आणि त्याखाली त्यांच्या धैर्याबद्दल चार ओळी असतात. त्या ओळी खऱ्याच आहेत. पण छायाचित्र जितक्या वेळा छापले गेले, तितक्या वेळा ज्या संस्थेने त्या तिघींना एकत्र आणले तिची ओळख करून दिली गेली नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या स्मरणिकेत या संस्थेचा इतिहास यावा, असे मला मनापासून वाटते. आनंदीबाई १८८३ साली इथे पोहोचल्या तेव्हा हे महाविद्यालय तेहतीस वर्षांचे होते. त्या तेहतीस वर्षांत काही माणसांनी विरोध, टिंगल आणि पैशांची चणचण सोसून जी जागा तयार केली होती, तिथे आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. धैर्य आनंदीबाईंचे होते, पण नुसत्या धैर्यावर कोणी डॉक्टर होत नाही. त्यासाठी शिकवणारे लागतात, शवविच्छेदनाची खोली लागते, रुग्णांच्या खाटा लागतात आणि अर्जाला होकार देणारी समिती लागते. संस्थेची जुनी छायाचित्रे या दृष्टीने पाहिली की हा सगळा खटाटोप दिसू लागतो.

भाड्याच्या खोल्या आणि पोलीस बंदोबस्त

महाविद्यालयाची स्थापना १८५० साली झाली. तेव्हाचे नाव ‘फिमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ असे होते. स्थापनेमागे फिलाडेल्फियातले क्वेकर पंथीय आणि सुधारक मंडळी होती. डॉ. बार्थोलोम्यू फसेल, डॉ. जोसेफ लाँगशोर आणि उद्योगपती विल्यम म्युलन ही त्यांतली प्रमुख नावे. क्वेकर पंथात स्त्रियांना प्रार्थनासभेत उठून बोलण्याचा अधिकार पहिल्यापासून होता, आणि गुलामगिरीविरोधी चळवळीत या पंथाच्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने वावरत होत्या. बाईने वैद्यक शिकावे ही कल्पना इतरांना धक्कादायक वाटली तरी या मंडळींना ती पुढची स्वाभाविक पायरी वाटली.

१२ ऑक्टोबर १८५० रोजी आर्च स्ट्रीटवरच्या एका घराच्या मागच्या बाजूला, भाड्याच्या खोल्यांत वर्ग सुरू झाले. पहिल्या वर्षी चाळीस विद्यार्थिनी आल्या. पदवीचा पूर्ण अभ्यासक्रम घेणाऱ्या त्यांत आठ होत्या. त्या आठजणींचा पदवीदान समारंभ ३० डिसेंबर १८५१ रोजी म्युझिकल फंड हॉलमध्ये झाला. शहरातल्या पुरुषांच्या महाविद्यालयातले विद्यार्थी समारंभ उधळणार अशी कुणकुण लागल्यामुळे पन्नास पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला.

त्या आठजणींतल्या दोघींची नावे पुढे संस्थेच्या इतिहासाशी कायमची जोडली गेली. हॅना लाँगशोर यांनी पदवीनंतर तिथेच शरीररचनाशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची जबाबदारी घेतली आणि शहरात स्वतःचा दवाखाना काढला. बाईने लिहिलेल्या चिठ्ठीवर औषध द्यायला काही औषधविक्रेते तयार होत नसत, म्हणून त्या औषधे स्वतःच जवळ बाळगू लागल्या. दुसऱ्या ॲन प्रेस्टन. त्या आधी शिक्षिका होत्या, मुलांसाठी गोष्टी लिहीत, आणि आजूबाजूच्या बायकांना त्यांच्या शरीराची माहिती देण्यासाठी वर्ग घेत. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्या या महाविद्यालयात आल्या, पदवीनंतर तिथे शिकवू लागल्या आणि १८६६ साली डीन झाल्या. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीनपदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी संस्थेचे नाव बदलून ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ झाले.

पदवी मिळाली तरी डॉक्टर म्हणून मान्यता मिळणे वेगळे. १८५८ साली फिलाडेल्फिया जिल्ह्याच्या वैद्यक सभेने ठराव करून या महाविद्यालयाशी व्यावसायिक संबंध ठेवायला आपल्या सभासदांना मनाई केली. तिथे शिकवायचे नाही आणि तिथल्या पदवीधर स्त्रीशी रुग्णाबद्दल सल्लामसलतही करायची नाही. रुग्णालयांचे दरवाजे बंद झाले की वैद्यकाचे शिक्षण पुस्तकात अडकते. प्रेस्टन यांनी हे ओळखले आणि इतर स्त्रियांना बरोबर घेऊन स्त्रियांचे वेगळे रुग्णालय उभारण्यासाठी पैसे गोळा केले. नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर ‘वुमन्स हॉस्पिटल’ १८६१ साली सुरू झाले. यादवी युद्ध सुरू झाल्यामुळे महाविद्यालयाचे वर्ग त्या वर्षी बंद ठेवावे लागले. पुन्हा सुरू झाले ते याच रुग्णालयाच्या आसऱ्याने. ज्या रुग्णालयाची उभारणी महाविद्यालयासाठी झाली, त्यानेच महाविद्यालय तगवले.

तिथल्या कामाची धुरा एमिलीन क्लीव्हलँड यांच्याकडे आली. याच महाविद्यालयाच्या पदवीधर असलेल्या क्लीव्हलँड यांना प्रसूतिशास्त्राचे अधिक शिक्षण घेण्यासाठी पॅरिसला पाठवण्यात आले होते. १८७५ साली त्यांनी अंडाशयाची मोठी शस्त्रक्रिया केली. अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या आरंभीच्या स्त्री शल्यचिकित्सकांमध्ये त्यांची गणना होते.

६ नोव्हेंबर १८६९

संस्थेच्या इतिहासातला सर्वांत कसोटीचा दिवस छायाचित्रात नाही. तेव्हाच्या तंत्रात ते शक्यही नव्हते. कॅमेऱ्यासमोर काही सेकंद स्थिर राहावे लागे, आणि त्या दिवशी त्या सभागृहात स्थिर कोणीच नव्हते.

पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल हे देशातले जुने आणि प्रतिष्ठित रुग्णालय. तिथे शनिवारी सकाळी रुग्ण समोर ठेवून व्याख्याने होत. प्रेस्टन यांनी बराच पाठपुरावा करून आपल्या विद्यार्थिनींना तिथे बसण्याची परवानगी मिळवली. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी विद्यार्थिनी सभागृहात शिरल्या तेव्हा आधीच येऊन बसलेल्या शेकडो पुरुष विद्यार्थ्यांनी शिट्ट्या आणि हुर्रेवडी सुरू केली. कागदाचे बोळे फेकले, अंगावर तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. व्याख्यान संपल्यावर रस्त्यापर्यंत त्यांचा पाठलाग झाला. विद्यार्थिनी पूर्ण वेळ बसून राहिल्या.

शहरातल्या डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी यावर जे निवेदन काढले, त्यात गोंधळ घालणाऱ्यांचा निषेध नव्हता. स्त्री-पुरुषांना एकत्र बसवून असे शिक्षण देणे अनुचित आहे असे त्यांचे म्हणणे होते. प्रेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला वृत्तपत्रातून शांतपणे उत्तर दिले. त्याचा आशय असा होता की स्त्रीरुग्णाला पुरुष डॉक्टरसमोर, पुरुष विद्यार्थ्यांच्या गर्दीत तपासणे ज्यांना अनुचित वाटत नाही, त्यांना तिथे विद्यार्थिनी असण्याने अडचण का व्हावी? फिलाडेल्फियातली आणि बाहेरची अनेक वृत्तपत्रे विद्यार्थिनींच्या बाजूने उभी राहिली. रुग्णालयाने परवानगी मागे घेतली नाही.

पुढच्या काळात या संस्थेतल्या विद्यार्थिनींच्या चेहऱ्यांवर जे शांत गांभीर्य दिसते, ते पाहताना हा दिवस आठवावा. तेव्हाच्या सगळ्याच छायाचित्रांत माणसे गंभीर असतात हे खरे. पण या मुलींना कॅमेऱ्याबाहेरही तसेच वागावे लागत होते. त्यांच्यातल्या एकीच्याही हसण्याचा किंवा रडण्याचा दाखला ‘बायकांना हे जमणार नाही’ यासाठी दिला गेला असता.

स्वतःची इमारत, रेचल बॉडली यांचा काळ

१८७५ साली महाविद्यालय स्वतःच्या इमारतीत गेले. नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू आणि एकविसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरची ही इमारत स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी मुद्दाम बांधलेली होती. व्याख्यानगृहे, प्रयोगशाळा, संग्रहालय, शवविच्छेदनाची खोली असे सगळे एका छताखाली आले. संस्थेच्या जुन्या चित्रांत आणि छायाचित्रांत ही इमारत पुन्हा पुन्हा दिसते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या जागेत काढलेल्या संस्थेला आपली वास्तू जगाला दाखवावीशी वाटणारच.

इमारत होण्याच्या एक वर्ष आधी, १८७४ मध्ये, रेचल बॉडली डीन झाल्या. त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि वनस्पतिशास्त्राचाही त्यांचा चांगला अभ्यास होता. पदवीधर स्त्रिया पुढे काय करतात याची प्रत्यक्ष माहिती असावी म्हणून १८८१ साली त्यांनी माजी विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठवली. व्यवसाय करता का, कोणत्या शाखेत करता, प्राप्ती किती होते, वैद्यकीय सभांचे सभासदत्व आहे का, लग्नाचा आणि व्यवसायाचा मेळ कसा बसतो, असे साधे, रोखठोक प्रश्न त्यात होते. उत्तर देणाऱ्यांत बहुतेकजणी डॉक्टर म्हणून प्रत्यक्ष काम करत होत्या. शिकून बायका घरी बसतात, मग त्यांच्यावर खर्च कशाला, हा आक्षेप तेव्हा सर्रास घेतला जाई. बॉडली यांनी त्याला आकड्यांनी उत्तर दिले.

आनंदीबाईंच्या वाट्याला आलेल्या डीन याच. दूरदेशीहून आलेल्या विद्यार्थिनींची राहण्याची, थंडीची, जेवणाची सोय पाहणे हे त्यांना आपल्याच कामाचा भाग वाटे. कॉलेजचा वार्षिक स्वागत-समारंभ त्यांच्या नावाने होई, आणि त्या समारंभाच्या दिवशीच आपले परिचयाचे छायाचित्र निघाले.

शवविच्छेदनाची खोली

संस्थेच्या संग्रहातली काही छायाचित्रे पाहताना आजचा वाचक दचकतो. लांब टेबले, त्यांवर मृतदेह, आणि भोवती ॲप्रन बांधलेल्या, केस वर घट्ट बांधलेल्या मुली. हातात चिमटे आणि सुऱ्या. कोणी कामात आहे, कोणी कॅमेऱ्याकडे पाहते आहे.

त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत अशी छायाचित्रे काढण्याची पद्धत होती. १८८० च्या सुमाराला कारखान्यात तयार केलेल्या छायाचित्रणाच्या कोरड्या काचा मिळू लागल्या आणि छायाचित्रकाराला आपले सगळे सामान घेऊन स्टुडिओबाहेर पडणे सोपे झाले. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत उजेड देणारी भुकटी तयार झाली, तेव्हा अंधाऱ्या खोल्यांतही छायाचित्रे निघू लागली. या कलेशी फिलाडेल्फियाचा संबंध आरंभापासूनचा. रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी १८३९ साली स्वतःचे छायाचित्र घेतले ते याच शहरात.

पुरुष विद्यार्थ्यांच्या अशा छायाचित्रांत पुष्कळदा मस्करी दिसते. स्त्रियांच्या छायाचित्रांना वेगळे वजन आहे. बाईच्या जातीला मृतदेह पाहवणार नाही, ती घेरी येऊन पडेल, हा तिला वैद्यकापासून दूर ठेवण्यासाठी सांगितला जाणारा ठरावीक मुद्दा होता. टेबलाभोवती उभ्या असलेल्या या मुली त्या मुद्द्याला उत्तर देत आहेत.

टेबलावर जे आहेत त्यांचाही इतिहास सांगितला पाहिजे. १८८२ साली फिलाडेल्फियात लेबनन स्मशानभूमीतून मृतदेह चोरून वैद्यकीय शिक्षणासाठी नेले जात असल्याचे उघडकीस आले. ती कृष्णवर्णीयांची स्मशानभूमी होती आणि त्या प्रकरणाचा संबंध शहरातल्या दुसऱ्या एका महाविद्यालयाशी होता. त्यानंतर १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा अधिक कडक केला. ज्यांच्यावर कोणी हक्क सांगत नाही असे, सरकारी खर्चाने पुरायचे मृतदेह महाविद्यालयांना वाटून देण्याची रीत त्याने लावून दिली. म्हणजे टेबलावर आलेली माणसे बहुधा निराधारांच्या आश्रयगृहांतली, धर्मार्थ रुग्णालयांतली, शहरातली सर्वांत गरीब माणसे होती. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. स्त्रियांच्या शिक्षणाचा हा गौरवशाली इतिहास त्या अनामिकांच्या देहांवर शिकून घडला, याची नोंद केल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

तिघी

आनंदीबाईंची हकीगत आपल्याला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ३१ मार्च १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र तिथल्या एका मिशनरी मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला, तोच पुढे मावशी-भाचीच्या नात्यासारखा झाला. जोशी दांपत्य तेव्हा बंगालमध्ये सेरामपूरला होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो हे जाहीरपणे सांगितले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघून जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी महाविद्यालयाच्या कार्यकारी समितीचे आल्फ्रेड जोन्स यांना अर्जाचे पत्र लिहिले. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांना मदत करायची आहे, हा त्याचा गाभा. ते पत्र संस्थेच्या संग्रहात आहे, त्यांचा प्रबंधही आहे. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. जिचे तान्हे मूल दहा दिवसांत गेले त्या मुलीने प्रबंधासाठी बाळंतपणाचा विषय घ्यावा, यात तिचे सगळे आयुष्य आले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या.

आता छायाचित्राकडे. तिघींच्या नावांखाली त्यांची गावे आणि देश दिलेले आहेत. ओकामींच्या नावाखाली टोकियो, इस्लामबुलींच्या नावाखाली दमास्कस, आणि आनंदीबाईंच्या नावाखाली बंगालमधल्या सेरामपूरचे नाव, तेही चुकलेल्या अक्षरांत. आपण त्यांच्याशी जोडतो ती गावे, कल्याण किंवा पुणे, तिथे नाहीत. शेवटचा पत्ता तोच त्यांचे गाव ठरला. या तिघी १८८५ साली एकत्र पदवीधर झाल्या असेही अनेक ठिकाणी छापले जाते. प्रत्यक्षात त्या दिवशी तिघी विद्यार्थिनी होत्या, आणि पदव्या मिळाल्या त्या वेगवेगळ्या वर्षी: आनंदीबाईंना १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. छायाचित्र एका क्षणी त्यांना शेजारी बसवते, पण प्रत्येकीचा अभ्यास, परीक्षा आणि परतीचा रस्ता वेगळा होता.

केई ओकामी जपानला परतल्यावर टोकियोतल्या जिकेई रुग्णालयात रुजू झाल्या. रुग्णालयाच्या भेटीला आलेल्या सम्राट मेइजींनी स्त्री डॉक्टरला भेटायला नकार दिला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना काढला. सबात इस्लामबुली दमास्कसला गेल्या आणि पुढे कैरोत राहिल्या. दोघींनाही दीर्घायुष्य लाभले, दोघीही १९४१ साली वारल्या. आनंदीबाईंना मात्र पदवीनंतर वर्षही मिळाले नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. क्षयाने पोखरलेल्या देहाने त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला आहेत.

असे छायाचित्र संस्थेसाठी मोलाचे होते. देणगीदाराला ते एका नजरेत सांगत असे की तुमच्या पैशातून आशियाच्या तीन टोकांच्या मुली डॉक्टर होत आहेत. पोशाखांची नवलाई त्या काळच्या अमेरिकन डोळ्यांना भुरळ घालणारी होती, यात शंका नाही. पण आनंदीबाईंपुरते सांगायचे तर ती साडी त्या दिवसापुरती अंगावर चढवलेली नव्हती. फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत, बर्फात, त्या साडीच नेसत राहिल्या आणि शाकाहारही त्यांनी सोडला नाही. प्रकृतीला ते किती महाग पडले असेल याचा विचार मनात येऊन जीव कळवळतो.

छायाचित्राबाहेरच्या

परदेशी विद्यार्थिनी हा संस्थेच्या औदार्याचा एक भाग. दुसरा भाग तिच्या स्वतःच्या देशातला. रिबेका कोल या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला इथे १८६७ साली पदवी मिळाली, आणि कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टरांमध्ये ती देशात दुसरी. कॅरोलिन स्टिल अँडरसन १८७८ च्या पदवीधर. गुलामगिरीतून पळून येणाऱ्यांना आसरा देणाऱ्या विल्यम स्टिल यांची ही मुलगी. १८९१ च्या पदवीधर हॅली टॅनर डिलन या अलाबामा राज्यात वैद्यकाचा परवाना मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. १८९७ साली पदवी घेणाऱ्या एलायझा ग्रियर यांचा तर जन्मच गुलामगिरीत झालेला. काम करून पैसे साठवायचे, एक वर्ष शिकायचे, पुन्हा काम करायचे, असे करत त्यांनी शिक्षण पुरे केले.

सुझन ला फ्लेश ही ओमाहा जमातीची मुलगी. आनंदीबाईंच्याच वर्षी, १८६५ मध्ये जन्मलेली. १८८६ च्या ज्या शरदात आनंदीबाई भारताकडे निघाल्या, त्याच शरदात ती महाविद्यालयात दाखल झाली. १८८९ साली आपल्या वर्गात पहिली येऊन ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधली पहिली स्त्री डॉक्टर झाली. केई ओकामी तिच्याच वर्गात होत्या. नेब्रास्कात परतून तिने घोड्यावरून आणि बग्गीतून मैलोन्मैल फिरत आपल्या लोकांची शुश्रूषा केली, आणि १९१३ साली वॉल्टहिल गावी रुग्णालय उभारले. आनंदीबाईंना आयुष्य मिळाले असते तर त्यांनी काय केले असते, याची कल्पना सुझन ला फ्लेशच्या आयुष्यावरून करता येते. समाज वेगळा, देश वेगळा, पण आपल्या माणसांत परत जाऊन काम करायचे हा निश्चय दोघींचा सारखाच.

भारताशी नाते

भारताशी या संस्थेचा संबंध आनंदीबाईंच्या आधीपासूनचा. १८६९ ची पदवीधर क्लारा स्वेन १८७० च्या आरंभी बरेलीला पोहोचली. रामपूरच्या नवाबांनी दिलेल्या जागेवर तिने १८७४ साली स्त्रियांचे रुग्णालय सुरू केले. १८७९ ची पदवीधर ॲना कुगलर १८८३ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला गेली आणि तिनेही तिथे रुग्णालय उभे केले. दोघीही मिशनऱ्यांच्या संस्थांतर्फे आलेल्या. त्यामुळे आनंदीबाईंच्या अर्जाला होकार देणाऱ्यांना हिंदुस्थान नवा नव्हता. तिथून विद्यार्थिनी स्वतः येणे तेवढे नवे होते.

आनंदीबाईंच्या मागून मराठी मुलखातून गुरुबाई करमरकर आल्या. १८९२ साली त्या पदवीधर झाल्या. पती रेव्हरंड सुमंतराव करमरकर यांच्याबरोबर परतून अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने त्यांनी मुंबईत वर्षानुवर्षे गोरगरीब बायकामुलांवर उपचार केले. आनंदीबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे, गुरुबाईंचे नाव कोणी घेत नाही. धर्मांतरित घराणे म्हणून की दीर्घ, संथ, नाट्य नसलेल्या सेवेचे आपल्याला कौतुक कमी म्हणून, कोण जाणे. फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन येऊन जिने प्रत्यक्ष मराठी रुग्णांची सेवा केली ती डॉक्टर म्हणून गुरुबाईंची आठवण मुंबईने ठेवायला हवी.

पंडिता रमाबाईंचा धागा तर थेट आपल्या दारापर्यंत येतो. पदवीदानाला आलेल्या रमाबाई अमेरिकेतच राहिल्या. हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात निघाले. त्याची प्रस्तावना रेचल बॉडली यांनी लिहिली, आणि नुकत्याच गेलेल्या आपल्या विद्यार्थिनीबद्दल त्यांनी त्यात जिव्हाळ्याने लिहिले आहे. त्या पुस्तकाने आणि रमाबाईंच्या व्याख्यानांनी अमेरिकेत जी सहानुभूती आणि जो पैसा उभा राहिला, त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विवाह केला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ साली हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू झाले. या सगळ्याचे श्रेय फिलाडेल्फियाला देण्याचा माझा हेतू नाही. ते कर्तृत्व आपल्या माणसांचे. पण एक संस्था उभी राहिली की तिच्या आधाराने दुसऱ्या देशात, दुसऱ्या कामासाठी दुसरी संस्था उभी राहू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पुढची वाटचाल

१८८८ साली बॉडली यांचे निधन झाले आणि क्लारा मार्शल डीन झाल्या. त्यांनी जवळजवळ तीस वर्षे हे पद सांभाळले. ॲना ब्रूमॉल यांनी प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणाला नवे वळण दिले. स्थलांतरितांच्या दाट वस्तीच्या दक्षिण फिलाडेल्फियात त्यांनी बाह्यसेवा सुरू केली. विद्यार्थिनी गरिबांच्या घरी जाऊन बाळंतपणे करत आणि आधी-नंतर आईची तपासणीही करत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाचे निकष कडक झाले आणि अनेक लहान महाविद्यालये बंद पडली. इतर विद्यापीठांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली तशी स्त्रियांची वेगळी महाविद्यालये एकेक करून मिटली. हे मात्र टिकले, आणि केवळ स्त्रियांसाठी असलेले देशातले एकमेव वैद्यकीय महाविद्यालय म्हणून कित्येक दशके चालू राहिले. १९३० साली ते ईस्ट फॉल्स भागातल्या नव्या इमारतीत गेले. १९७० मध्ये पुरुषांना प्रवेश सुरू झाला आणि नावातला ‘वुमन्स’ हा शब्द गेला. पुढे दुसऱ्या महाविद्यालयाशी विलीनीकरण आणि आर्थिक संकट अशी वळणे घेत ते आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे.

नाव गेले, पण कागदपत्रे राहिली. पत्रे, प्रबंध, हजेरीपत्रके, वार्षिक अहवाल आणि छायाचित्रे यांचा मोठा संग्रह फिलाडेल्फियात जपलेला आहे, आणि त्यातला बराच भाग कोणालाही पाहता येईल असा खुला केलेला आहे. छायाचित्राच्या मागे नाव आणि तारीख आहे, नावावरून प्रवेशाची नोंद सापडते, नोंदीवरून प्रबंध सापडतो, आणि एक चेहरा एक पूर्ण माणूस होतो. सेरामपूरची अक्षरे चुकली तरी ती सुधारता आली, कारण शेजारी पत्र होते.

आपल्याकडेही, महाराष्ट्रात आणि गोव्यात, मुंबई-पुण्यात, बडोद्यात आणि इंदूरमध्ये मुलींच्या किती शाळा आणि महाविद्यालये शंभरी ओलांडून गेली. त्यांच्या कार्यालयांच्या भिंतींवर गट-छायाचित्रे लटकलेली असतात: नऊवारीतल्या, मग पाचवारीतल्या विद्यार्थिनी, मधोमध मुख्याध्यापिका, पुढे सतरंजीवर लहान मुली. बहुतेकींची नावे आता फारशी कोणाला सांगता येत नाहीत, आणि ज्यांना येतात त्या आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. या संस्थांनी आपल्या पुढच्या स्मरणिकेसाठी लेख मागवण्याआधी त्या आज्यांना बोलवावे, फोटो त्यांच्या हातात द्यावेत आणि त्या सांगतील ती नावे, वर्षे, माहेरची-सासरची गावे लिहून काढावीत. मूळ फोटोवर पेनाने लिहू नये, वेगळी यादी करावी आणि फोटोंच्या संगणकीय प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. इकडे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरीही आईचे, आजीचे असे फोटो आहेत. त्यांच्या शाळा-कॉलेजांकडे त्यांच्या प्रती नावांसकट पाठवाव्यात. एकट्या आनंदीबाईंना आपण प्रेमाने ओळखतो. त्यांच्यामागे शिकलेल्या हजारोंना नावाने ओळखता यावे, यासाठी करण्याजोगे काम एवढे सोपे आहे, आणि ते याच पिढीला करता येण्यासारखे आहे.